शासन, सरकार की कारभार? भूतानवरच्या लेखातलं अडलेलं वाक्य

पागोळी
एका नियतकालिकासाठी भूतानवरचा लेख मराठीत आणते आहे. विषय त्या देशाचं राजकीय स्थैर्य आणि तिथल्या गव्हर्नन्सचा, म्हणजे राज्य चालवण्याच्या रीतीचा, दर्जा. बाकी लेख झाला, एका वाक्यापाशी अडकले. आशय असा : २००८ पासून भूतानात प्रत्येक निवडणुकीत गव्हर्नमेंट बदललं, पण गव्हर्नन्स टिकला.

आपल्या सरकारी मराठीत गव्हर्नमेंट म्हणजे शासन. 'महाराष्ट्र शासन', 'शासन निर्णय' रोजच्या वाचनातले. गव्हर्नन्सलाही पाठ्यपुस्तकं शासनच म्हणतात, फार तर पुढे 'सु' लावतात. मग माझं वाक्य होतं, 'प्रत्येक निवडणुकीत शासन बदलले, पण शासन टिकले.' हे छापायला देता येणार नाही.

आशय महत्त्वाचा आहे म्हणून जीव अडकलाय. २००८ साली पहिल्या निवडणुकीत एका पक्षाने ४७ पैकी ४५ जागा घेतल्या. २०१३ मध्ये तो हरला. २०१८ मध्ये नंतरचा हरला, २०२३-२४ मध्ये त्याच्याही नंतरचा. शेवटच्या दोन वेळा तर सत्तेतला पक्ष पहिल्याच फेरीत बाद झाला. तरी प्रत्येक सरकारने आपली मुदत पुरी केली. हे दोन पदर दाखवणारे दोन वेगळे शब्द हवे आहेत. सुचवा.

सातमाळा
शब्द तुमच्या घरातच आहे की. कारभार. 'दर निवडणुकीला सरकार बदललं, पण कारभाराची घडी मोडली नाही.' गव्हर्नमेंटला सरकार, गव्हर्नन्सला कारभार. गव्हर्नन्सच्या दर्जाला 'कारभाराची प्रत'. 'राज्यकारभार' तर शाळेत सनावळ्यांबरोबर पाठ केलेला शब्द आहे, तो कुणालाही अडणार नाही.

ओवी_नागपूर
सातमाळा, वाक्य छान आहे, पण कारभार शब्दाला एक वास लागलाय त्याचं काय करायचं? वर्तमानपत्र उघडा. भोंगळ कारभार, मनमानी कारभार, रामभरोसे कारभार, ढिसाळ कारभार. 'चोख कारभार' वर्षातून एखाद्या वेळी दिसतो. आमच्याकडे कामाची दिरंगाई झाली की म्हणतात, 'सगळा सरकारी कारभार.' ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या २०२४ च्या भ्रष्टाचारविषयक निर्देशांकात भूतानला १०० पैकी ७२ गुण आणि जगात १८ वा क्रमांक आहे. भारत ३८ गुणांवर, ९६ वा. त्या देशाबद्दल लिहिताना वाचकाच्या कानात आधीच 'भोंगळ' वाजू नये.

सुशासन स्वीकारावं. भूतानच्या राज्यघटनेच्या विसाव्या कलमात सरकारची कर्तव्यं सांगताना गुड गव्हर्नन्स आहेच, आणि 'सकल राष्ट्रीय आनंद' या तिथल्या विकासाच्या कल्पनेच्या चार खांबांपैकीही तो एक आहे. शेजारच्या नेपाळात २०६४ सालचा, म्हणजे आपल्या हिशेबाने २००८ चा, 'सुशासन' नावाचा कायदा आहे. हिमालयात रुळलेला शब्द आपण का टाळायचा?

सातमाळा
नेपाळचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं, ओवीताई. कायद्याच्या नावात सुशासन आलं त्याच वर्षी तिथे प्रजासत्ताक आलं, आणि तेव्हापासून डझनाहून जास्त सरकारं आली-गेली. १९९० पासून एकाही पंतप्रधानाला पाच वर्षांची मुदत पुरी करता आलेली नाही. २०२५ च्या सप्टेंबरात तरुण पोरं रस्त्यावर उतरली, पंतप्रधान ओली गेले, सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. सुशासन हे ध्येय आहे, शाबासकी आहे. पागोळी यांना मोजमापाचा शब्द हवा आहे, जो चांगला असू शकतो तसा वाईटही. 'वाईट सुशासन' कसं म्हणणार? आणि 'सुशासनाचा दर्जा घसरला' हे तरी कसं?

कारभाराला भोंगळ विशेषण लागू शकतं, हाच त्याचा गुण. चोखही लागतं.

मोडीवाचक
दोघांनाही शासन या शब्दाचा मूळ अर्थ आठवून देतो. शासन म्हणजे आज्ञा. ताम्रशासन म्हणजे राजाज्ञा कोरलेला ताम्रपट. आणि मराठीत शासन म्हणजे शिक्षा. 'गुन्हेगाराला कडक शासन झालं पाहिजे' हे आपण आजही बोलतो. माझे वडील शिक्षक होते. कुणा पोराने खोडी काढली की घरी येऊन सांगायचे, 'आज त्याला शासन करावं लागलं.' त्या पिढीच्या माणसाला 'महाराष्ट्र शासन' ही पाटी पहिल्यांदा वाचताना काय वाटलं असेल याचा विचार करा. सुशासन म्हणजे त्यांच्या लेखी योग्य ती शिक्षा.

आता कारभार. तो फारसीतला कारोबार आहे. कार-ओ-बार, काम आणि ओझं. मराठीने 'ब'चा 'भ' केला आणि तो भार आपलाच वाटू लागला. ज्या भाषेत शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, रघुनाथपंत हणमंत्यांवर ते काम सोपवून सुमारे चौदाशे फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, त्या भाषेत राज्यव्यवहारासाठीच फारसी शब्द मागावा हे मला खटकतं. 'राज्यव्यवहार' हा शब्द त्या कोशाच्या नावातच तयार आहे. तोच घ्या. सरकार बदलले, राज्यव्यवहार टिकला.

रानवेली
मोडीवाचक सर, तुमच्या पर्यायात 'सरकार' तसाच राहिला, तोही फारसीच. कारभाराला बाहेर काढायचं आणि सरकारला बसू द्यायचं, असं का?

कारभार मूळचा कुठला याचं मला ओझं वाटत नाही. माझी आजी नाव न घेता आजोबांना 'आमचं कारभारी' म्हणायची. लावणीतली बाईही तेच म्हणते. चार शतकं घरात नांदलेल्या शब्दाला फारसी म्हणून बाहेर काढणं मला पटत नाही. आणि व्युत्पत्तीचं म्हणाल तर आमच्या कॉलेजात कार्यभार > कारभार असंच शिकवलं होतं.

मोडीवाचक
'कार्यभार' हा अलीकडे बसवलेला संस्कृत शब्द आहे. पदाचा कार्यभार स्वीकारला, असा. त्यातून जुना कारभार निघाला म्हणणं म्हणजे नातवापासून आजोबा काढणं. कारोबार, कारखाना, कारकून, कारस्थान, कारागीर हा सगळा 'कार'चा गोतावळा पाहा.

रानवेली
कारस्थान तरी फारसी कसं? स्थान संस्कृत आहे.

मोडीवाचक
फारसीतही 'स्तान' आहे. कारिस्तान असा शब्द आहे. त्यावर स्वतंत्र चर्चा करू.

तालाकाठ
चर्चा वाचून राहवलं नाही. भूतानात ताला जलविद्युत प्रकल्पावर काही वर्षं होतो. छुखा जिल्हा, खाली वांगछू नदी. तिथे कारभार कसा दिसतो ते सांगतो, म्हणजे शब्द निवडायला सोपं जाईल.

जिल्ह्याला झोंगखाग म्हणतात. असे २०. त्याखाली गेवोग, ते २०५. गेवोगच्या निवडून आलेल्या प्रमुखाला गुप म्हणतात, आपल्या सरपंचाच्या वरचा आणि सभापतीच्या खालचा माणूस. जिल्ह्याचा अधिकारी झोंगदा. तो बसतो झोंगमध्ये. झोंग म्हणजे जुना किल्ला, त्यात एका अंगाला भिक्षूंचा मठ, दुसऱ्या अंगाला कचेऱ्या. सतराव्या शतकात शबद्रुंग न्गावांग नामग्याल यांनी धर्म आणि राज्य अशी दुहेरी रचना लावली, ती भिंतींत अजून दिसते. कागदावर सही घ्यायला जावं तर बाजूच्या चौकातून मंत्रपठण ऐकू येतं.

आणि तिथल्या माणसाच्या बोलण्यात गव्हर्नन्सपेक्षा 'किदू' जास्त येतो. भूमिहीनाला जमीन, आपत्तीत मदत, पोराची शिष्यवृत्ती, जे राजाकडून मिळतं ते किदू. सरकार बदलतं, किदू बदलत नाही. पागोळी यांच्या लेखातलं 'टिकलं' ते निम्मं इथून आलेलं आहे असं मला तिथे राहून वाटलं. त्याला कारभार म्हणा, पण राज्यव्यवहार म्हणालात तर ते फक्त कचेरीच्या अंगाचं होईल.

'सरकार' शब्दाबद्दलही एक. आमच्याबरोबर काठमांडूचे एक सहकारी होते. ते सांगत की नेपाळात राजघराण्यातल्या माणसालाच 'सरकार' म्हणून संबोधायचे. २००६ पर्यंत तिथल्या शासनाचं अधिकृत नाव 'श्री ५ को सरकार' होतं, मग 'नेपाल सरकार' झालं. आपल्याकडेही संस्थानिकांना सरकार म्हणत, कोल्हापूर-साताऱ्याला अजून म्हणतात. म्हणजे राजा असलेल्या देशाबद्दल 'सरकार बदलले' लिहिलं तर जुन्या वाचकाला राजा बदलला असं वाटू शकतं.

ओवी_नागपूर
हा मुद्दा मला पटत नाही. विदर्भात सरकार म्हणजे सरकारच. 'सरकार पडलं' म्हटल्यावर कुणाला गादी आठवत नाही. तुमची कोल्हापूरची उदाहरणं सगळ्या मराठीवर लादू नका.

निर्झर_ठाणे
मला शब्दापेक्षा त्याखाली झाकलं जाणारं सांगायचं आहे. 'राजकीय स्थैर्य' हे जागतिक बँकेच्या गव्हर्नन्स मोजणाऱ्या निर्देशकांपैकी एकाचं अर्धंच नाव आहे. पूर्ण नाव राजकीय स्थैर्य आणि हिंसाचार-दहशतवादाचा अभाव. भूतानला त्यात चांगलं स्थान मिळतं. पण १९८५ चा नागरिकत्व कायदा, १९५८ किंवा त्याआधीच्या वास्तव्याचा पुरावा मागणारी १९८८ ची जनगणना, पोशाख आणि शिष्टाचाराची सक्ती, आणि त्यानंतर दक्षिणेकडचे नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा देशाबाहेर गेले, एक लाखाच्या वर. नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत त्यांची पिढी वाढली. २००७ पासून बहुतेकांना अमेरिका आणि इतर देशांनी घेतलं. भूतानने त्यांना परत घेतलं नाही. ल्होत्शाम्पांचे नेते टेकनाथ रिजाल १९८९ ते १९९९ तुरुंगात होते.

हे सगळं घडत असतानाही तिथे सरकार 'स्थिर' होतं. म्हणून 'स्थैर्य' हा कौतुकाचा शब्द मला बोचतो. 'स्थिरता' त्या मानाने कोरडा आहे. खांब स्थिर असतो, त्यात चांगलं-वाईट नाही. स्थैर्य मात्र आपण गुणासारखं वापरतो : मनाचं स्थैर्य, आर्थिक स्थैर्य. पागोळी, तुम्ही 'राजकीय स्थिरता' लिहा अशी माझी विनंती आहे.

तालाकाठ
निर्झर, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते लेखात यायला हवं. मी ज्या भागात होतो तिथेही त्या विषयावर कुणी मोठ्याने बोलत नसे. तिथे 'त्सा-वा-सुम' असा शब्द आहे. तीन मुळं : राजा, देश, प्रजा. १९९२ च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात त्यांच्याविरुद्धचं वर्तन हा देशद्रोह ठरवला आहे. त्यांच्या मनातली स्थिरता ती. तिन्ही मुळं एकत्र. आपल्या 'स्थैर्य'ने किंवा 'स्थिरते'ने तिचं पूर्ण काम होत नाही.

पण सगळं वरूनच आलं असंही म्हणू नका. २००८ नंतरच्या पहिल्या संसदेत विरोधी पक्षाचे दोन सदस्य होते. फक्त दोन. सरकारने संसदेला न विचारता वाहनांवरचा कर वाढवला, तेव्हा त्या दोघांच्या पक्षाने न्यायालयात दाद मागितली आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयात निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यातले विरोधी पक्षनेते त्शेरिंग तोबगे पुढे २०१३ ला पंतप्रधान झाले, २०२४ ला पुन्हा झाले. आणि त्याच पहिल्या संसदेचे सभापती व त्या सरकारचे गृहमंत्री, दोघेही पदावर असताना भूखंडवाटपाच्या प्रकरणात २०१३ साली न्यायालयात दोषी ठरले.

रानवेली
दोन सदस्यांनी सरकारला जाब विचारला, हे वाचून फार बरं वाटलं. त्याच निर्देशकांच्या यादीत व्हॉइस अँड अकाउंटेबिलिटी आहे ना? त्याला सगळे 'उत्तरदायित्व' लिहितात. 'जाब' हा एवढा धारदार शब्द असताना उत्तरदायित्व कशाला?

मोडीवाचक
कारण जाब म्हणजे जवाब. पुन्हा फारसीच, मुळात अरबी.

रानवेली
असू दे. बाजारात, ग्रामसभेत, वर्गात माणसं जाबच विचारतात. उत्तरदायित्व विचारताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

पागोळी
सर्वांचे आभार. 'कारभाराची घडी' मनात घोळतोय. मधेच दुसरी अडचण आली, तीही टाकते. भूतानात संसदेची मुदत संपली की मावळतं सरकार बाजूला होतं आणि निवडणूक होईपर्यंत, जास्तीत जास्त ९० दिवस, वेगळंच सरकार येतं. आतापर्यंत सरन्यायाधीशांच्या नेतृत्वाखाली आलं आहे. मी 'काळजीवाहू सरकार' लिहिलं, तर संपादकांनी 'हंगामी' केलं. कोणतं बरोबर?

सातमाळा
संपादक बरोबर. काळजीवाहू म्हणजे जाणारंच सरकार, नवं येईपर्यंत दिवा तेवत ठेवणारं. भूतानातलं ते नव्हे. तिथे तटस्थ माणसं नव्याने बसवतात, म्हणजे निवडणुकीत सत्तेचा हात लागू नये. ही व्यवस्था आणि दोन फेऱ्यांची निवडणूक ही तिथल्या स्थिरतेची खरी कारणं आहेत. पहिल्या फेरीतले वरचे दोनच पक्ष दुसऱ्या फेरीत लढतात, त्यामुळे संसदेत दोनच पक्ष उरतात. पाच पक्षांची मोट बांधायची वेळच येत नाही. पक्षांतरालाही घटनेने बंदी आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा परिच्छेद सविस्तर द्या, त्याला त्याचं महत्त्व लगेच कळेल.

ओवी_नागपूर
हंगामी मला हलका वाटतो. हंगामी कामगार, हंगामी फळं. अंतरिम म्हणा.

सातमाळा
ते काही महिन्यांपुरतंच असतं, मग हंगामी नको का?

निर्झर_ठाणे
पागोळी, चौथ्या राजाबद्दल काय लिहिलंत? बातम्यांत 'पायउतार झाले' असतं. ते चुकीचं आहे. पायउतार माणूस दबावाने होतो. जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९९८ साली कार्यकारी अधिकार मंत्रिमंडळाला दिले, राजाला दोन तृतीयांश मतांनी हटवायचा अधिकार संसदेला दिला, २००१ ला घटना लिहायला लावली, आणि २००६ च्या डिसेंबरात पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना मुलाकडे गादी सोपवली. घटनेत तर राजाने ६५ व्या वर्षी निवृत्त व्हायचं असं कलम आहे. ल्होत्शाम्पांबद्दल मी जे बोललो तेही याच राजाच्या काळातलं, ते मी मागे घेत नाही. पण इथे शब्द 'राज्यत्याग' हवा.

मोडीवाचक
राज्यत्याग उत्तम. पायउतार मुळात घोड्यावरून, पालखीतून उतरणं. मानाने उतरतात तसं. दबावाचा अर्थ वर्तमानपत्रांनी लावला.

तालाकाठ
आम्ही तिथे इंग्रजीतून ऐकलं, झोंगखात, म्हणजे तिथल्या भाषेत, काय म्हणतात ते विचारायचं राहिलं. पण लोक रडत होते. त्यांना निवडणूक नको होती, राजा हवा होता. अनेकांनी ते बोलूनही दाखवलं. निवडणुका म्हणजे भांडणं, असं त्यांनी शेजारी पाहिलं होतं.

सातमाळा
भांडणांवरून आठवलं. कारभार शब्दाची बदनामी वर्तमानपत्रांच्या आधी झाली आहे, ती 'बारभाई'मुळे. अनेकांनी मिळून गोंधळ घातला की 'बारभाईंचा कारभार' म्हणतात. यात इतिहासावर अन्याय आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावाचा खून झाला. नंतर नाना फडणीस, सखारामबापू आणि इतरांनी एकत्र येऊन राघोबाला दूर ठेवलं, सवाई माधवराव तान्हा असताना त्याच्या नावाने राज्य चालवलं, १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत इंग्रजांशी झुंज दिली. पेशवा पाळण्यात आणि कारभार चालू. पागोळींच्या वाक्यातला फरक आपल्या इतिहासात आहे.

मोडीवाचक
बारभाईंमध्ये फूट पडली होती. सखारामबापूंनाच पुढे कैदेत टाकलं. म्हण उगीच पडलेली नाही. शिवाय 'बारभाई' हा शब्द त्या घटनेआधीपासून भाषेत असावा असं माझं मत आहे. बारा भाऊ म्हणजे एकाचा पायपोस एकाच्या पायात नसणे.

सातमाळा
मत आहे, की १७७३ आधीचा कागद आहे?

मोडीवाचक
कागद शोधतो. तुम्ही तोवर सांगा, म्हण जर त्या कारभाऱ्यांची बदनामी असेल तर ती पसरवली कुणी, राघोबाच्या बाजूने की इंग्रजांनी?

रानवेली
आमच्याकडे मावळात 'बारभाई' चांगल्या अर्थानेही ऐकलंय. सावडीने, सगळ्यांनी मिळून शेत केलं की 'बारभाई केली' म्हणतात. आणखी कुणाच्या भागात असा अर्थ आहे का? खानदेशातलं कुणी असेल तर सांगा.